कोरियाच्या गायिका

कोरियाचें आधुनिक संगीत म्हटलें म्हणजे आज डोळ्यांपुढें येतात ते एका तालांत नाचत गाणारे तरुण-तरुणींचे संच. आपल्या घरांतील शाळकरी मुलांनाहि त्यांचीं नांवें पाठ असतात. परंतु हे संच म्हणजे त्या इतिहासाचें अगदीं अलीकडचें प्रकरण होय. ग्रामोफोनची तबकडी कोरियांत रुळूं लागली त्या काळीं लोकांनीं जिव्हाळ्यानें ऐकला तो एकटीनें गाणाऱ्या स्त्रीचा आवाज. मात्र ज्यांनीं तो ऐकला त्यांनीं तिला सुखानें गाऊं दिलें असें म्हणवत नाहीं.

१९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचा अंमल होता. तोकियोस पाश्चात्य गायन शिकून आलेल्या यून सिम-दोक हिनें १९२६ सालीं ओसाका येथें इव्हानोव्हिचीच्या डॅन्यूब नदीवरील वॉल्ट्झच्या चालीवर मरणाचें एक गीत ध्वनिमुद्रित केलें. थोड्याच दिवसांत, ४ ऑगस्ट रोजीं, मायदेशीं निघालेल्या बोटीवरून ती व विवाहित नाटककार किम ऊ-जिन हीं दोघें नाहींशीं झालीं. वर्तमानपत्रांनीं तो प्रकार यथेच्छ चघळला आणि तबकडी धडाक्यानें खपली. हा खप कलेचा कीं कुतूहलाचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

पुढें कंपन्यांना नवे गळे हवे झाले, तेव्हां त्या ‘कीसेंग’ स्त्रियांकडे वळल्या. ह्या गाण्यानाचण्यांत तयार झालेल्या मैफलींतील कलावती. त्यांची कला सर्वांना हवी, सोयरीक कोणासच नको. आपल्याकडील कलावंतिणींची कहाणी ठाऊक असणाऱ्यांस अधिक सांगणें नलगे. प्याँगयांगच्या कीसेंग शाळेंत शिकलेली वांग सू-बोक १९३५ सालीं ‘सामचोल्ली’ मासिकानें घेतलेल्या वाचकांच्या कौलांत गायिकांमध्यें पहिली आली.

त्याच वर्षीं ली नान-यंग हिचें ‘मोक्पोचे अश्रू’ हें गीत निघालें. मोक्पो हें नैर्ऋत्येकडील बंदर. तेथूनच कोरियाचा तांदूळ आणि कापूस जपानकडे जाई. गरिबींत वाढलेली, फिरत्या नाटक मंडळींत उमेदवारी केलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी त्याच गांवची. वरवर पाहतां गीत विरहाचें. पण त्यांत जुन्या जपानी स्वारीचें वैर सूचित करणारे शब्द होते, आणि सरकारी तपासनिसाची नजर चुकविण्यासाठीं ते छापतांना बदलले, असें सांगतात. ऐकणाऱ्यांनीं अर्थ बरोबर लावला.

१९५० च्या युद्धांत तिचे पति, संगीतकार किम हे-सोंग, यांस उत्तरेकडे नेण्यांत आलें. ते परतले नाहींत. पदरीं सात मुलें. तेव्हां तिनें दोन मुली व एक भाची यांस अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांतून गाण्यास तयार केलें. पोरींना इंग्रजी येत नव्हतें. शब्द ध्वनीनेंच घोकून घेतले. ह्याच ‘किम सिस्टर्स’ १९५९ सालीं लास व्हेगासला पोहोंचल्या. आज जगभर गाजणाऱ्या कोरियन मुलींच्या संचांची ही पूर्वज मंडळी एका एकल गायिकेच्या संसारांतून, तिच्या विपत्तींतून निघाली, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. आई १९६५ सालीं वारली.

स्वातंत्र्यानंतर तरी गायिकेचा मार्ग मोकळा झाला काय? १९६४ सालीं ली मी-जा हिचें ‘दोंगबेक आगास्सी’ हें चित्रपटगीत घरोघर गेलें. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें त्यावर बंदी घातली. कारण काय, तर चालींत जपानी छटा आहे! आणि त्याच १९६५ सालीं त्याच सरकारनें जपानशीं मैत्रीचा करार केला होता. करार राज्यकर्त्यांनीं करावा आणि राष्ट्राभिमानाचें ओझें एका गायिकेच्या गळ्यांत बांधावें, हा न्याय अजब खरा. बंदी उठली ती १९८७ मध्यें, बावीस वर्षांनीं.

त्यानंतर पंधराच वर्षांनीं, २००२ सालीं, बोआ नांवाची पंधरा वर्षांची कोरियन मुलगी खुद्द जपानांत जपानी भाषेंत गाइली, आणि तिचा गीतसंग्रह तेथील खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढला.