सरळ चढणारे व्होल्टेज

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ठिपका डावीकडून उजवीकडे सरकतो, तेव्हा त्याला सरकवणारे व्होल्टेज एकसारख्या वेगाने वाढावे लागते. तरच प्रत्येक मायक्रोसेकंदाच्या वाट्याला पडद्यावर सारखी जागा येते. रेझिस्टरमधून कपॅसिटर भरत ठेवला तर नेमके हे साधत नाही. कपॅसिटरवरचे व्होल्टेज जसजसे चढते तसतसे रेझिस्टरच्या वाट्याला कमी उरते, प्रवाह मंदावतो आणि रेषा वाकते. हा वाक काढण्याची हकीकत सहसा एकेका नव्या व्हॉल्व्हच्या शोधाची म्हणून सांगितली जाते. मला ती गरजेची हकीकत वाटते. पुरेसे सरळ व्होल्टेज बऱ्याच आधी मिळत होते. मोजपट्टीसारखे विश्वासाचे सरळ व्होल्टेज रडारने मागितले, तेव्हा ते जुन्याच सामग्रीतून उभे राहिले.

ऑसिलोस्कोपच्या पडद्यामागची कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांची कॅथोड-किरण नळी 1897 ची. पुढे निऑन दिव्याला कपॅसिटर जोडून करवतीच्या दात्यांसारखी लहर काढता येऊ लागली. व्होल्टेज ठराविक पातळीला पोचले की दिवा पेटतो, कपॅसिटर रिकामा होतो आणि भरणे पुन्हा सुरू होते. भरण्याच्या वक्राचा फक्त पहिला दहावा भाग वापरला, तर शेवटाकडे चढ सुरुवातीपेक्षा 10 टक्क्यांनी कमी होतो. लहरींचा आकार पाहायला एवढे चालत असे. पेंटोड या व्हॉल्व्हमधून जवळजवळ स्थिर प्रवाह मिळू लागल्यावर रेषा आणखी सुधारली. यावर कोणी म्हणेल की टेलिव्हिजनला सरळ चढ आधीच लागत होता; लंडनहून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण 1936 मध्येच सुरू झाले होते. ते खरे आहे, पण चेहरा कडेला थोडा ताणला गेला तरी डोळा ते चालवून घेतो.

रडारमध्ये एक मायक्रोसेकंद म्हणजे 150 मीटर अंतर. 50 किलोमीटरच्या पल्ल्यात दोन टक्क्यांची चूक झाली, तर विमान एक किलोमीटर चुकीच्या जागी दिसते. यावर क्वार्ट्झ स्फटिकाच्या खुणा पडद्यावर पाडण्याचा उपाय होता आणि तो वापरलाही जाई, म्हणून सरळ रेषेची निकड नव्हती असा आक्षेप घेता येतो. पण दोन खुणांमधले अंतर वाचायला रेषा सरळच हवी. शिवाय चढत्या व्होल्टेजची तुलना पोटेन्शिओमीटरवरच्या व्होल्टेजशी करून, बटण फिरवताच अंतर वाचायचे असेल, तर वाक थेट उत्तरात उतरतो.

उत्तर सापडले ते एका जुन्या त्रासात. व्हॉल्व्हच्या ग्रिड आणि अ‍ॅनोडमधला बारीकसा कपॅसिटन्स वर्धनाच्या पटीत फुगून इनपुटला जाणवतो, हे जॉन मिलर यांनी 1920 च्या सुमारास दाखवले होते. उच्च वारंवारतेच्या वर्धकांना तो उपद्रवच होता. ब्रिटनमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी तिथे मुद्दामच मोठा कपॅसिटर बसवला. समजा, ग्रिडला 200 व्होल्टच्या पुरवठ्यातून रेझिस्टर जोडला आहे आणि वर्धन 100 पट आहे. अ‍ॅनोड 100 व्होल्ट खाली येईपर्यंत ग्रिड जेमतेम एक व्होल्ट हलतो, म्हणजे रेझिस्टरमधला प्रवाह फक्त अर्धा टक्का बदलतो. साध्या जोडणीत तेवढ्याच 100 व्होल्टच्या प्रवासात प्रवाह निम्म्यावर आला असता. यासाठी एकही भाग नवा लागला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्लमलाइन जून 1942 मध्ये एच-टू-एस रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या अपघातात गेले, तेव्हा ते 38 वर्षांचे होते. याच तत्त्वावर एफ. सी. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फँटास्ट्रॉनसारखी मंडले रचली. त्यांत नियंत्रक व्होल्टेजच्या प्रमाणात कालविलंब मिळे.

युद्धात इंग्लंडमध्ये रडारवर काम केलेले हॉवर्ड व्हॉलम यांनी टेक्ट्रॉनिक्सचा 511 हा ऑसिलोस्कोप 1947 मध्ये बाजारात आणला. त्याच्या आडव्या अक्षावरून वेळ थेट वाचता येत असे. 1950 मध्ये डेनिस विल्किन्सन यांनी हेच नाते उलटे फिरवले: कणांच्या स्पंदाने कपॅसिटरवर साठलेले व्होल्टेज स्थिर प्रवाहाने उतरवायचे आणि ते उतरेपर्यंत पडणारे ठोके मोजायचे. व्होल्टेज आता वेळेने मोजले जाऊ लागले.