पहाटे साडेतीनची साक्ष

२९ जून १९०५, पहाटेचे साडेतीन. केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदन या आश्रमात, एका बाईंना एका मुलीच्या अंगावर आग दिसली. त्या पाण्याची बादली घेऊन धावल्या. ओतणार तोच लक्षात आले, की मुलगी जळत नाही. आसपासच्या मुली गुडघे टेकून रडत होत्या, आपापली पापे बोलून दाखवत होत्या.

पुण्याहून रेल्वेने गेले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथला हा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला तो मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंच्या कथनातून. आग दिसली तेव्हा एब्रम्स खोलीत नव्हत्या. त्यांना उठवून ही हकीकत सांगण्यात आली. म्हणजे आगीची साक्ष ऐकीव आहे. रडणाऱ्या मुली मात्र त्यांनी स्वतः पाहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंडिता रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत असताना तेच पुन्हा घडले, या वेळी साऱ्या मेळाव्यात.

हे अचानक मात्र नव्हते. वेल्समधील १९०४ च्या धर्मजागृतीची बातमी केडगावी पोचली होती. जानेवारी १९०५ पासून रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुली आणि स्त्रिया जमवल्या होत्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि त्या दिवसातून दोनदा एकत्र येत. पण या वृत्तांतांत पश्चात्ताप बाहेरून दिसतो तेवढाच उतरतो: अश्रू आणि कबुली. आतले काही हवे असेल, तर रमाबाईंच्या स्वतःच्या लेखनाकडे वळावे लागते.

१९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तीत त्या म्हणतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही. बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे. मग मधल्या वर्षांत काय होते? येथे सुदैवाने समकालीन कागद आहेत. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनी जपलेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये छापला गेला. १८८५ च्या पत्रांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालतात, आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला नकार देतात. तिथे वाद आहे तो अधिकाराचा. आपल्या पापाचे ओझे हा त्या वादाचा विषय नाही. ते ओझे ठळक दिसते ते १९०७ च्या पुस्तकात, म्हणजे मुक्ती सदनातल्या त्या पहाटेनंतर दोन वर्षांनी. १९०५ च्या उजेडात त्यांनी आपले जुने आयुष्य पुन्हा वाचले असावे, हा माझा तर्क. यात खोटेपणा मुळीच नाही. पश्चात्ताप करणारा माणूस मागचे सारे नव्याने वाचतोच. इतिहासकाराने मात्र दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवायला हव्यात.

त्याच पुस्तकातली एक आठवण मला सर्वांत भक्कम वाटते. बाप्तिस्म्याआधी रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती धर्मभगिनींनी चालवलेले घर पाहिले. तिथे एकेकाळी आश्रयाला आलेल्या, पण आता पूर्ण पालटून गेलेल्या आणि इतरांची सेवा करणाऱ्या स्त्रिया त्यांना दिसल्या. धर्मशास्त्रे पढलेल्या रमाबाईंना अशा स्त्रियांसाठी त्या ग्रंथांत दया आढळली नव्हती. येशूने शोमरोनी स्त्रीशी केलेला संवाद त्यांना तेव्हा वाचून दाखवण्यात आला.

ही आठवणही नंतरचीच, मग तिच्यावर अधिक भरवसा का? कारण तिला पुस्तकाबाहेरचा आधार आहे. रमाबाईंनी केडगावात अशाच स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले, आणि तेही १९०५ च्या आधी. ३० जूनच्या संध्याकाळी जो अध्याय उघडला होता, त्याची सुरुवातही व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीच्या कथेने होते. निवड हेतुपुरस्सर होती असे म्हणायला पुरावा लागेल. कृपा सदनाला तो लागत नाही.