अल्कली धातूंच्या विक्रिया : इतिहास

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम व फ्रान्सियम या आवर्त सारणीच्या पहिल्या गटातील मूलद्रव्यांना अल्कली धातू म्हणतात. यांच्या अणूंच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असून तो सहज निघून जातो. म्हणून हे धातू अतिशय विक्रियाशील आहेत व निसर्गात ते मुक्त स्थितीत आढळत नाहीत. सोडा व पोटॅश प्राचीन काळापासून वापरात होते. परंतु त्यांतील धातू एकोणिसाव्या शतकापर्यंत अज्ञात राहिले.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये किंचित दमट पोटॅशचे विद्युत् विच्छेदन केले, तेव्हा पाऱ्यासारखे चकाकणारे गोलक मिळाले व त्यांपैकी काही हवेत पेटले. अशा रीतीने पोटॅशियमाचा व थोड्याच दिवसांनी सोडियमाचा शोध लागला. हवेपासून बचाव करण्यासाठी डेव्ही यांनी हे धातू नॅप्थ्यात ठेवले. पाण्यावर टाकलेले पोटॅशियम जळते आणि हायड्रोजन व दाहक पोटॅश तयार होतात, असे त्यांनी दाखविले.

हे धातू खरोखर मूलद्रव्ये आहेत काय, यावर लवकरच वाद उद्‌भवला. पोटॅशियम अमोनियात तापविले असता हायड्रोजन मिळतो, यावरून गे-ल्युसॅक व तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पोटॅशियम हे पोटॅश व हायड्रोजन यांचे संयुग असावे, असे मानले. वस्तुतः हा हायड्रोजन अमोनियातून येतो. पोटॅशियमात हायड्रोजन असता, तर त्याच्या ज्वलनाने पाणी तयार व्हावयास हवे होते. पण कोरड्या ऑक्सिजनातील ज्वलनात ते मिळेना. १८११ पर्यंत या दोघांनीही आपले मत सोडले. विक्रियेमुळे निर्माण झालेला संशय विक्रियेनेच दूर केला.

पुढे ही विक्रियाशीलता साधन म्हणून उपयोगी पडली. पोटॅशियमाच्या साहाय्याने १८०८ मध्ये बोरॉन व १८२७ मध्ये व्होलर यांनी ॲल्युमिनियम मिळविले. देव्हिल यांनी १८५४ मध्ये पोटॅशियमाऐवजी स्वस्त सोडियम वापरले आणि ॲल्युमिनियमाच्या औद्योगिक उत्पादनाचा मार्ग खुला झाला.

पाण्याबरोबर होणाऱ्या स्फोटाचे कारण विक्रियेतील उष्णता व पेटणारा हायड्रोजन हेच दीर्घकाळ मानले जात होते. मात्र तयार होणारी वाफ व हायड्रोजन यांच्या थरामुळे धातू पाण्यापासून अलग पडून विक्रिया मंदावावयास हवी, ही अडचण उरत होती. २०१५ मध्ये प्रागमधील युंगव्हिर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूच्या थेंबांचे अतिजलद चित्रण प्रसिद्ध केले. धातूतून इलेक्ट्रॉन पाण्यात जाताच मागे राहिलेले धन विद्युत् भार एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे मिलिसेकंदाहूनही कमी काळात थेंबातून काट्यांसारखे फाटे फुटतात आणि नवा पृष्ठभाग सतत पाण्याच्या संपर्कात येतो, असे त्यांना आढळले. डेव्हींच्या काळापासून परिचित असलेल्या या विक्रियेचा पहिला क्षण उलगडण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली.