अलखुर्मा रक्तस्रावी ताप
सौदी अरेबियातील जेद्दा शहरात 1995 मध्ये एका कसायाच्या रक्तात सापडलेल्या विषाणूमुळे होणारा ताप. 1957 मध्ये कर्नाटकात ओळखल्या गेलेल्या आणि पुढे सिंधुदुर्गातही पोचलेल्या माकडतापाच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद. पण अशा नात्यावरून आजाराची चाल ठरवणे फसवे. उदाहरणार्थ, लाइम आजार आणि गोचीडजन्य आवर्ती ज्वर दोन्ही बोरेलिया जंतूंचेच. तरी लाइमची कठीण पाठीची इक्सोडिस गोचीड कातडीला कित्येक दिवस चिकटून राहते, तर आवर्ती ज्वराची मऊ ऑर्निथोडोरस बहुधा तासाभरातच रक्त पिऊन दडते. इथेही तसेच: जेद्दा परिसरातील मऊ ऑर्निथोडोरसमध्ये अलखुर्मा विषाणूचा अंश मिळाला. माकडताप पसरवणारी हिमाफिसालिस मात्र रानातली कठीण गोचीड. उंटावरच्या कठीण गोचिडीतही अलखुर्मा आढळला, हा आक्षेप रास्तच. शिवाय जनावराच्या रक्तातूनही लागण संभवते. म्हणून रुग्णाला गोचीड चावली का, एवढेच विचारून भागत नाही.