सुतावरून भूमिती

पनवेलच्या आसपास रोज कुठे ना कुठे पायाची आखणी चालू असते. जागा साफ झाली की गवंडी खुंट्या ठोकतो आणि दोरी ताणतो. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर. मग त्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजत दुसरी दोरी इंच इंच सरकवत राहतो. अंतर बरोबर पाच फूट भरले की म्हणतो, "गुण्यात आलं." चारही कोपरे झाले की समोरासमोरच्या खुंट्यांमधली दोन्ही तिरकी मापे घेतो. ती सारखी आली की चुन्याची फक्की दोरीखालून सोडली जाते आणि घराचा पहिला आकार जमिनीवर उमटतो.

त्याच पनवेलात सहावीच्या वर्गात बालभारतीचे गणिताचे पुस्तक उघडले जाते. पहिलाच धडा 'भूमितीतील मूलभूत संबोध'. बिंदू, रेषा, रेख, किरण, प्रतल, समांतर रेषा, एकसंपाती रेषा. पुढे कोन आणि त्याचे प्रकार, त्यापुढच्या इयत्तांत लंब, कर्ण, जीवा, त्रिज्या. मुले हे शब्द पाठ करतात, आणि बहुतेकांना ते संस्कृतातून आलेले अवघड शब्द वाटतात. ते अवघड राहतात, कारण ते कुणाच्या हातातून आले हे कुणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की यांतले निम्मे शब्द दोरीचे आहेत.

पण सुरुवात गुण्यापासून करू, कारण तो कंपासपेटीतही असतो आणि गवंड्याच्या पिशवीतही. सुतारकामातला लोखंडी काटकोन म्हणजे गुण्या. फारसीत तो 'गूनिया', तुर्कीत 'गोन्ये', आणि या सगळ्यांचे मूळ ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोपरा, कोन. इंग्रजी माध्यमातली मुले पेंटॅगॉन, हेक्सॅगॉन, पॉलिगॉन म्हणतात, त्यांतला 'गॉन' हाच. आता संस्कृत 'कोण' पाहा. हा शब्दही ग्रीक 'गोनिया'वरूनच आला असावा, असा अनेक अभ्यासकांचा कल आहे. ग्रीकांचे ज्योतिष भारतात आले तेव्हा त्यांची परिभाषाही आली. 'केंद्र' हा ग्रीक 'केंट्रॉन' आहे. पत्रिका जुळवताना सातव्या स्थानाला 'जामित्र' म्हणतात, तो ग्रीक 'डायामेट्रॉन', म्हणजे व्यास. शुल्बसूत्रांसारख्या जुन्या ग्रंथांत कोपऱ्यासाठी वेगळा शब्द होता, 'अस्र' किंवा 'अश्रि'. तो आपण टाकून दिलेला नाही. 'चतुरस्र'चा 'चौरस' झाला आणि तो फरशीपासून जमिनीच्या मापापर्यंत सगळीकडे बसला आहे.

म्हणजे एकच ग्रीक शब्द दोन वाटांनी मराठीत आला असे दिसते. एक वाट ज्योतिषी पंडितांची, दुसरी फारसी बोलणाऱ्या कारागिरांची. पहिला पुस्तकात जाऊन 'कोन' झाला, दुसरा बांधकामावर 'गुण्या' झाला. ग्रीकमध्ये 'गोनिया'चे नाते गुडघ्याच्या शब्दाशी, 'गोनू'शी, जोडले जाते. त्या 'गोनू'चा संस्कृत भाऊ म्हणजे 'जानु', आपल्या 'आजानुबाहू'तला. कोन म्हणजे मुळात दुमडलेला गुडघा, ही कल्पना मला फार आवडते. सहावीच्या मुलाला काटकोन, लघुकोन आणि विशालकोन जमिनीवर बसून स्वतःच्या गुडघ्याने दाखवता येतात.

लेखनाचाही एक बारकावा इथेच सांगतो, कारण वहीत तो हमखास लाल शाईने रंगतो. आपण 'कोन', 'चौकोन', 'पंचकोन', 'षटकोन' लिहितो, पण 'त्रिकोण' लिहितो. 'त्रिकोण' संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि तसाच राहिला. 'कोन' मात्र मराठी जिभेवर घोळून आला, आणि 'चौ' हा तर अस्सल मराठी तुकडा, म्हणून 'चौकोन'. पंचकोन आणि षटकोन चौकोनाच्या मागोमाग गेले.

आता दोरीकडे वळू. वेदी रचण्याचे नियम ज्यांत आहेत त्या ग्रंथांचे नावच 'शुल्बसूत्रे'. शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीवरच्या चौरसाचे क्षेत्र दोन्ही बाजूंवरच्या चौरसांच्या क्षेत्रांच्या बेरजेइतके असते, हा नियम शुल्बसूत्रकार बौधायनाने दोरीच्याच भाषेत मांडला. खुंट्या, दोरी आणि खुणा ही तिथलीही सामग्री. पायाची आखणी करणारा गवंडी तीन-चार-पाचचे जे माप लावतो, ते याच नियमाचे सर्वांत सोपे रूप आहे. त्याला आपण अडाणी आडाखा म्हणू नये. ती सिद्ध झालेली भूमिती आहे.

दुसरी दोरी सुताराची. 'सुतार' हा 'सूत्रधार'चा मराठी अवतार, आणि नाटकाचा सूत्रधारही तोच शब्द. रंगात भिजवलेले सूत फळीवर दोन टोकांना घट्ट धरून मधोमध चिमटीने उचलायचे आणि सोडायचे. फट् असा आवाज होतो आणि फळीवर एक बारीक, ठळक, सरळ रेघ उमटते. पट्टीने इतकी लांब रेघ एका दमात आखता येत नाही. 'सुतासारखा सरळ' आपण माणसांनाही म्हणतो, ते यामुळेच. ताणलेले सूत हेच दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर.

तिसरी दोरी टांगलेली. 'लंब' या शब्दाला विद्यार्थी घाबरतात, पण 'लोंबणे' तर सगळ्यांना माहीत असते. दोन्ही एकाच 'लम्ब्' धातूचे. 'लांब' त्यातलाच, 'विलंब' त्यातलाच. आणि गवंड्याचा 'ओळंबा' हा 'अवलंब'पासून आला. भिंतीला ओळंबा लावला की दोरी आपोआप उभी राहते आणि पाणसळीने ठरवलेल्या आडव्या रेषेशी काटकोन करते. लॅटिनमध्येही 'पर्पेंडिक्युलम' म्हणजे ओळंबाच. 'समलंब चौकोन' या नावाचा अर्थही इथून उलगडतो. समोरासमोरच्या दोन बाजू समांतर, म्हणून त्यांच्यात कुठेही ओळंबा सोडा, लांबी सारखीच भरते. ही व्याख्या मी शिकवणाऱ्यांना आवर्जून सांगतो, कारण नावातच आकृती काढलेली आहे.

चौथी दोरी धनुष्याची, आणि ही सर्वांत दूर गेली. ज्या किंवा जीवा म्हणजे प्रत्यंचा. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, म्हणजे धनुष्य. जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतचे अंतर म्हणजे शर, बाण. संपूर्ण चित्र उभे आहे. आज पुस्तकात चापाच्या जागी 'कंस' आला आणि धनुष्य मोडले, प्रत्यंचा तेवढी राहिली. मला हा बदल पटत नाही. संस्कृत जीवा अरबीत 'जीबा' झाली, स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे कुणी ती 'जैब' वाचली, त्याचा अर्थ कपड्याची घडी किंवा खिसा, आणि लॅटिन भाषांतरकारांनी घडीला 'सायनस' म्हटले. नववी-दहावीत येणारा 'साइन' तो हाच.

'त्रिज्या' शब्दातही हीच ज्या आहे, आणि 'त्रि' का आहे असा प्रश्न फार थोडी मुले विचारतात. राशिचक्राचे बारा भाग. तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशांची ज्या काढली की ती बरोबर केंद्रापासून परिघापर्यंत पोचते. त्रिराशींची ज्या, म्हणून त्रिज्या.

त्रिज्या म्हणजे चाकाचा आरा, आणि चाकाचा विषय निघाला की पनवेलचा इतिहास टाळता येत नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्या पनवेल बंदरापर्यंत येऊ लागल्या. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये पनवेलचे दोन प्रमुख उद्योग नोंदले आहेत, भातसडीचा आणि गाडीची चाके बनवण्याचा. देशावरून आलेली जवळजवळ प्रत्येक गाडी परतताना चाकांची नवी जोडी घेऊन जाई. म्हणजे या गावाने त्रिज्या, केंद्र आणि परीघ यांचा व्यापार केला आहे. सुतार आरे सारख्या लांबीचे तासायचा, नाहीतर चाक धावेल कसे? लोहाराला लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असे. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवायची, तापवून लाल झाली की ती फुगते, तेव्हा चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ती सगळे सांधे आवळून घेते. मापात थोडी चूक झाली तर धाव बसत नाही किंवा चाक चिरते. परीघ मोजणे हे त्या लोहाराच्या पोटापाण्याचे काम होते.

कर्णाबद्दल मुले नेहमी विचारतात, हा महाभारतातला का? नाही, हा कान. भास्कराचार्यांनी काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हटले, आणि पद्याच्या वृत्तात मात्रा जुळवण्यासाठी जुने गणिती कर्णाऐवजी 'श्रुति' आणि 'श्रवण'ही वापरत, कारण तेही कानाचेच शब्द. एका बाजूला हात, दुसरीला धनुष्याचे टोक आणि तिरकीला कान. हे भास्कराचार्य आपल्याकडचे. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

शाळेतली आजची परिभाषा मात्र त्या मठातून सरळ आलेली नाही. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणली. तिथून पुढे पिढ्यान् पिढ्या शब्द निवडले गेले, काही टाकले गेले. या निवडीत एक फार सुंदर काम झाले आहे. रेघ, रेषा आणि रेख हे एकाच घरातले शब्द, बोलताना आपण त्यांत फारसा भेद करत नाही. पुस्तकाने त्यांची वाटणी केली. दोन्हीकडे न संपणारी ती रेषा. तिचा दोन बिंदूंमधला तुकडा तो रेषाखंड, थोडक्यात रेख. आणि वहीत पेन्सिलीने आपण मारतो ती रेघ. रेषा कुणालाच काढता येत नाही, कागदावर फक्त रेघ येते आणि तिच्या टोकांना बाण काढून आपण रेषा मानतो. हा भेद मराठीत सांगता येतो तसा दुसऱ्या भाषेत सहज सांगता येईल असे मला वाटत नाही.

पनवेलच्या वर्गात एक वेगळी अडचण असते. इथे घरी हिंदी बोलणारी मुले पुष्कळ. बरेच पालक बांधकामावरच असतात, आणि हिंदीत 'गुनिया' आहेच, तेव्हा तो शब्द मुलाला आधीपासून ठाऊक असतो. हिंदीतली शाळा सोडून मराठीत आलेल्या मुलाची गाडी 'पूरक'वर अडते. हिंदी पुस्तकात बेरीज ९० अंश असलेले कोन 'पूरक' आणि १८० अंश असलेले 'संपूरक'. मराठीत ९० अंशांचे 'कोटिकोन' आणि १८० अंशांचे 'पूरक'. शब्द तोच, माप दुप्पट. ३५ अंशांच्या कोनाचा पूरक कोन विचारला की तो मुलगा ५५ लिहितो आणि गुण जातात. त्याला नुसते चूक म्हणून भागत नाही.

'कोटिकोन' त्याला समजावून द्यावा लागतो, आणि समजावणे सोपे आहे. काटकोन त्रिकोण काढायचा. आडवी बाजू भुज, उभी कोटी. एका लघुकोनाची ज्या ती दुसऱ्याची कोटिज्या, कारण दोघे मिळून काटकोन भरतात. एक ३५ तर दुसरा ५५. इथे 'कोटी'चा शंभर लाखांशी काही संबंध नाही, हेही त्याच दमात सांगून टाकावे. मग त्याच त्रिकोणाचा पाया उजवीकडे वाढवायचा, बाहेर नवा कोन तयार होतो, तो आतल्या ५५ला १८० पर्यंत नेतो, १२५. हा पूरक. दोन्ही कोन एकाच आकृतीत शेजारी दिसले की हिंदीतून आलेले मूल पुढच्या वेळी 'पूरक' वाचून आधी विचारते, "सर, मराठीतला ना?"