उघड्या पुस्तकाची परीक्षा



गुणपत्रिकेपलीकडच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण मराठी माणसे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडचा, नाही तर लीलाताई पाटील यांच्या कोल्हापूरच्या ‘सृजन आनंद विद्यालया’चा दाखला देतो. तो योग्यच आहे. परंतु या चार इमलीपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवर, नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात जे घडले त्याची आठवण भोपाळकरांना तरी असावयास हवी.

१९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी, शासनाच्या संमतीने, तेथील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची निराळी रीत सुरू केली. १९७८ मध्ये ती जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेली. १९८२ मध्ये भोपाळात ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने हे काम सांभाळले.

‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे दिलेली नव्हती, प्रश्न आणि प्रयोग होते. चार-चार मुलांची टोळी प्रयोग करी आणि दिसले ते आपापल्या वहीत लिही. मी भाषेचा शिक्षक. मला यात विज्ञानाहून अधिक मोह पडतो तो त्या वहीचा. मार्गदर्शकातून पाठ केलेल्या उत्तराला कर्ता नसतो. ‘असे आढळून येते’ एवढेच त्यात असते. कोणाला, कोठे आढळले, हे कोणी विचारीत नाही. ‘आम्ही पाहिले’ असे लिहिणाऱ्या मुलाला मात्र आपल्या वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते. आत्मविश्वास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

परीक्षा त्यांनी मोडीत काढली नाही, हे मला विशेष वाटते. आठवीच्या परीक्षेत मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवण्याची मुभा होती. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवावा लागे. पाठांतराची किंमत तेथे आपोआप उतरली. मुलांच्या मनातल्या शंकांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याला पत्र लिहिले की उत्तर येई. खेड्यातल्या पोराच्या प्रश्नाला टपालाने उत्तर येणे, ही गोष्ट गुणांच्या कोणत्याही रकान्यात मांडता येणार नाही.

१९७८ मध्येच पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते तेथे आले. आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम वाढवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. दहावीच्या गुणांची धास्ती घेणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. नोकरीच्या रांगेत वही कोणी पाहत नाही. पण सरकारी शाळांतून, सरकारी शिक्षकांच्या हातून तीस वर्षे चाललेला प्रयोग एका आदेशाने थांबावा, हे मला आजही पटत नाही. ‘एकलव्य’चे हिंदी ‘संदर्भ’ पाहून पुण्याहून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले. त्याचे जुने अंक शाळेच्या ग्रंथालयाने मिळवावेत, आणि ते कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावेत, एवढी माझी विनंती आहे.