गाळलेल्या गाण्यांची कुळकथा

लेड झेपेलिन या रॉक बँडचा ‘कोडा’ हा अल्बम ऐकण्यासारखा की नुसता जमवण्यासारखा, यावरून शहापूर-मुरबाडच्या रॉकवेड्यांत दोन तट आहेत. तट म्हणायला माणसं मोजकीच. काही आसनगावहून कसारा लोकलने मुंबईला नोकरीला जाणारी, काही मुरबाडच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी. पण वाद घालायला दोघं पुरतात. तानसा-भातसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जात राहिलं आणि त्या बदल्यात आम्हाला भरलेल्या कॅसेटी मिळाल्या, असं आमच्यातला एकजण म्हणतो. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी कल्याणच्या दुकानात द्यायची, दुकानदार सवडीने भरून ठेवायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत ‘कोडा’ एकाच बाजूला आख्खा बसतो, वर जागाही उरते. पहिल्या तटाचा आक्षेप इथूनच सुरू होतो: जेमतेम ३३ मिनिटांच्या मालाला अल्बम म्हणायचं कशाला?

ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये वारला. उरलेल्या तिघांनी बँड मोडला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘कोडा’ बाजारात आला. त्यात आठ तुकडे. तीन गाणी १९७८ साली स्टॉकहोममध्ये ध्वनिमुद्रित होऊन शेवटच्या अल्बममधून गळलेली. एक गाणं १९७० सालचं, तिसऱ्या अल्बमच्या वेळी मागे राहिलेलं. एक तर नुसत्या ड्रम्सचं. ‘वी आर गोना ग्रूव्ह’ची गंमत वेगळीच. १९७० च्या जानेवारीतल्या लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमातून ते उचललं, श्रोत्यांचा आवाज पुसला, गिटार नव्याने चढवली. कव्हरवर मात्र १९६९ सालचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण म्हणून नोंद केली. पहिला तट याला सरळ फसवणूक म्हणतो. मीही म्हणतो.

पण बँडने गाळलेलं गाणं श्रोत्याने मागावं, ही रीत पडली कशी?

ध्वनिमुद्रण मेणाच्या तबकडीवर थेट कोरलं जाई तेव्हा नको असलेला प्रयत्न सांभाळण्यात कंपनीला फारसा रस नसे. मेण तासायचं आणि तबकडी पुन्हा वापरायची. तरी जॅझवाल्यांनी काही वाचवलं. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर एकच धून लागोपाठ वाजवताना दर वेळी वेगळा विस्तार करी. डायल आणि सॅव्हॉय या छोट्या कंपन्यांनी त्याचे असे एकाच धुनेचे अनेक प्रयत्न छापले. आपल्याकडे एकाच गवयाचा तोच राग तीन मैफलींतून ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. चुंबकीय फीत आली आणि स्टुडिओच्या कपाटांत न वापरलेल्या गाण्यांची चळत साठू लागली.

रॉकमध्ये ही कपाटं उघडली ती चोरांनी. बॉब डिलन आणि ‘द बँड’ यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका घराच्या तळघरात बरीच गाणी टेप केली. ती छापायचा विचार नव्हता. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यातली काही गाणी, डिलनच्या जुन्या घरगुती टेपांसह, कोऱ्या पांढऱ्या कव्हरात घालून कुणीतरी चोरून विकली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ती तबकडी गाजली आणि चोरट्या तबकड्यांचा धंदाच उभा राहिला. चोर विकतो तर आपण का नको, हा हिशेब कंपन्यांना आणि बँडवाल्यांनाही कळला. ‘द हू’ या रॉक बँडच्या जॉन एन्टविसलने १९७४ मध्ये बँडची गाळलेली गाणी निवडून ‘ऑड्स अँड सॉड्स’ काढला. पुढच्या वर्षी डिलनच्या कंपनीने ‘द बेसमेंट टेप्स’ काढला. त्यातल्या २४ गाण्यांपैकी आठ एकट्या ‘द बँड’ची, काही त्या तळघरातली नव्हतीच, काहींवर नंतर वाद्यं चढवलेली. पुढे काही चाहत्यांनी यावर टीका केली. चोराचा माल खरा आणि मालकाचा खोटा, असा तो विचित्र वाद होता. संपूर्ण संच अधिकृतपणे यायला २०१४ उजाडलं.

दुसऱ्या तटाचं म्हणणं मला इथे पटतं. कलावंताला स्वतःच्या कामातलं सगळं कळतंच असं नाही. ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ हे डिलनचं गाणं त्याने १९८३ च्या अल्बममधून वगळलं. १९९१ मध्ये ते बाहेर आलं, तेव्हा ते त्याच्या उत्तम गाण्यांत गणलं गेलं. शिवाय, हा तट विचारतो, आपल्या गावांत सप्ताहातलं कीर्तन टेपवर घेतात तेव्हा कोण काय गाळतं? खोकला, माइकची शिट्टी, चुकलेला टाळ, सगळं राहतं. ऐकणारा त्यातून हवं ते वेचतो. पहिला तट म्हणतो, कीर्तनाचे पैसे घेतले नव्हते, ‘कोडा’चे घेतले.

हा वाद तिथेच थकला असता. पण जुलै २०१५ मध्ये ‘कोडा’ तीन तबकड्यांचा होऊन पुन्हा आला आणि जोडलेल्या मालात दोन तुकडे मुंबईचे निघाले.

१९७२ मध्ये लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ क्लबात ते स्थानिक वादकांबरोबर वाजवून गेले, ही गोष्ट मुंबईचे जुने रॉकवाले अजून रंगवून सांगतात. त्याच वर्षी त्यांनी इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही स्वतःची दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’ मुळात अवघड: पाच आणि सहाची मोजणी आलटूनपालटून येते, आणि मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या होत्या. मुंबईत तो भार इथल्या तालवाद्यांवर आला. ते मुद्रण कपाटात गेलं, चोरट्या तबकड्यांतून फिरत राहिलं आणि ४३ वर्षांनी अधिकृत झालं. मधल्या काळात, १९९४ मध्ये, पेज आणि प्लांट यांनी हीच दोन गाणी पुन्हा मोठ्या वाद्यवृंदासह वाजवली. म्हणजे मुंबईतली कल्पना त्यांनी टाकून दिली नव्हती.

१९८२ चा ‘कोडा’ किरकोळ आहे, हा पहिल्या तटाचा निकाल मी मान्य करतो. २०१५ चा मात्र घ्यावाच, आणि तो मुंबईच्या दोन तुकड्यांसाठी. घासूनपुसून गुळगुळीत न केलेली ‘फ्रेंड्स’ ऐकताना दोन प्रकारच्या वादकांची एकमेकांचा अंदाज घेत चाललेली वाटचाल कळते. पक्क्या अल्बममध्ये ती ऐकू येत नाही.

एक तक्रार उरते. त्या गाण्यांच्या नावापुढे फक्त ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ एवढंच छापलं आहे. त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवर बहुतेक गोव्याची माणसं असत. तबला-ढोलकवाले गिरगाव-दादरपासून कल्याणपर्यंत पसरलेले. १९७२ मध्ये तिशीत असलेला वादक आज ऐंशीच्या पुढे असेल. तुमच्या घरात, शेजारात असा कुणी असेल आणि दोन केसाळ गोऱ्यांबरोबर वाजवल्याची आठवण सांगत असेल, तर त्याचं नाव आणि वाद्य आजच वहीत लिहून घ्या.